आठ दिवसांपूर्वी आलेलं पुस्तक, अख्खी पीडीएफ, आणि वर 'वाचनसंस्कृती जपा'!

गोदाकाठ (धागाकर्ती)

नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोड भागातल्या वाचकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी चांगला चालतो. गेल्या आठवड्यात एका सदस्याने नव्या कादंबरीची पूर्ण पीडीएफ टाकली. पुस्तक दुकानात येऊन जेमतेम आठ दिवस झाले असतील. मोबाईलवर पानं धरून काढलेले फोटो, काही पानांच्या कोपऱ्यात अंगठासुद्धा आलाय. खाली ओळ: 'वाचनसंस्कृती जपा, पुढे पाठवा.' त्यावर फुलं, हात जोडलेले, टाळ्या. लेखिका हयात आहे, नाशिकला कार्यक्रमांना येते, ग्रुपवरच्या बऱ्याच जणांनी तिच्याबरोबर फोटो काढलेत!

मी 'हे काढा' म्हटलं, तर 'एवढं काय बिघडलं' पासून 'तुम्हाला काय कमिशन मिळतं का' पर्यंत सगळं ऐकून घेतलं. म्हणून इथे विचारते.

हिशोब साधा आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा ५०० ते १००० प्रतींची. किंमत ३०० रुपये आणि मानधन छापील किमतीच्या १० टक्के धरलं, तर हजारच्या हजार प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती ३० हजार. तेही खपल्यावर. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, म्हणजे एका दाबात आख्ख्या आवृत्तीइतक्या प्रती वाटून होतात. त्या सगळ्यांनी पुस्तक विकत घेतलं असतं असा दावा मी करत नाही. पण पाच-पन्नास जणांनी तरी घेतलं असतं, आणि मराठी पुस्तकाला तेवढ्यानेही फरक पडतो.

जुन्या पुस्तकांबद्दल तक्रार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क (कॉपीराइट) संपतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली, ती खुशाल वाटा. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५९ सालाच्या अखेरपर्यंत आहे. तरी दर २७ फेब्रुवारीला त्यांच्या संग्रहांच्या पीडीएफ फिरतात, तेही 'मराठीचा गौरव' म्हणून.

सुरगाणेकर

ताई, गंगापूर रोडवर बसून हे बोलणं सोपं आहे. सुरगाण्यात एक दुकान दाखवा जिथे कादंबरी मिळते. शाळेची गाईडं मिळतात, वह्या मिळतात, संपलं. नाशिकला यायचं तर एसटीचं जायचं-यायचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. पोस्टाने मागवा म्हणाल, तर टपालखर्च वेगळा. आमच्याकडे नेट येतं, पुस्तक येत नाही, ही परिस्थिती मी केलेली नाही.

आणि तुमच्या हिशोबात मी बसतच नाही. ३०० रुपये माझ्याकडे नव्हतेच. मी फुकट वाचलं म्हणून लेखिकेचे ३० रुपये बुडाले कसे? उलट मी वाचून दहा जणांना सांगितलं.

जुना दुकानदार

सुरगाणेकर, तुमची अडचण मला मान्य. पण त्या ग्रुपवर पीडीएफ टाकणारा आणि उघडणारे कुठले आहेत? कॉलेज रोडचे. दोनशे-तीनशेची कॉफी पिणारे. तुमच्या गरिबीच्या आडून ते फुकट वाचतायत, याचा राग तुम्हाला यायला हवा.

माझं दुकान मेन रोडच्या बाजूला. गिऱ्हाईक येतं, पुस्तक चाळतं, मुखपृष्ठाचा फोटो काढतं आणि माझ्यासमोर उभं राहून फोनवर विचारतं, 'याची पीडीएफ आहे का रे कुणाकडे?' उद्या पिंपळगावच्या बागेत शिरून द्राक्षाच्या पेट्या उचलल्या आणि 'फलाहार संस्कृती जपा' म्हटलं, तर बागाईतदार ऐकून घेईल का?

मिसळसम्राट

काका, द्राक्षं उचलली की शेतकऱ्याची पेटी रिकामी होते. पीडीएफ पाठवली म्हणून लेखिकेच्या कपाटातलं पुस्तक नाहीसं होत नाही. उपमा फसली.

रच्याकने (जाता जाता), लेखकांचा एवढा कळवळा आहे तर प्रकाशक मानधनाचा हिशोब वर्षानुवर्षं देत नाहीत, त्यावर कधी धागा निघाला का? आणि वाचनालयातली एक प्रत शंभर जण वाचतात, तेव्हा लेखकाला उरलेल्या नव्व्याण्णव जणांचे किती मिळतात? शून्य. मग 'सावाना'लाही (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयालाही) चोर म्हणायचं का?

गोदाकाठ

द्राक्षं काकांची, ती मी सोडून देते. 'सावाना'चं मात्र सोडणार नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तकं विकत घेतंय. एक प्रत एका वेळी एकाच घरात असते, ती फाटते, पुन्हा घ्यावी लागते. महाराष्ट्रभरच्या वाचनालयांची खरेदी नसती तर कित्येक मराठी पुस्तकांची पहिली आवृत्तीसुद्धा गोदामात पडून राहिली असती. तुमच्या पीडीएफची एक प्रत हजार घरांत एकदम उघडते आणि कधीच फाटत नाही.

ब्रिटनमध्ये वाचनालयातून पुस्तक नेलं की लेखकाला थोडे पैसे सरकार देतं. तशी सोय आपल्याकडे मागायची असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. मानधनाच्या हिशोबाबद्दलही आहे. पण प्रकाशक लेखकाला बुडवतो म्हणून वाचकानेही बुडवावं, हा कुठला न्याय?

कॅमेरावाला

पुस्तकांचं तुम्ही बघा, मी फोटोंचं सांगतो, कारण प्रकार तोच आहे आणि धोका जास्त.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच प्रश्न विचारतं: गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, की बुडाला? ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात मी गोदाघाटावर होतो. ते फोटो मी माझ्या पानावर टाकले, खाली कोपऱ्यात नाव आणि तारीख. आता दर पावसाळ्यात ते पुन्हा फिरतात. नाव असलेली पट्टी कापलेली, आणि वर 'आत्ताची परिस्थिती, कृपया घराबाहेर पडू नका'.

लोकांना वाटतं कॅमेरावाल्याला नावाची हौस. अहो, नाव कापलं तेव्हा त्याच कात्रीत तारीखही गेली. सराफ बाजारातले दुकानदार रात्री माल वर हलवतात, बाहेरगावी असलेली मुलं पंचवटीतल्या आईवडिलांना फोन करकरून हैराण होतात, आणि फोटो निघतो कित्येक वर्षांपूर्वीचा. पट्टी जागेवर असती तर कुणीही दोन सेकंदांत ओळखला असता. उलटंही होतं. खरंच पाणी चढत असतं तेव्हा 'हा जुनाच फोटो असेल' म्हणून लोक घाटावर गाड्या लावून बसतात. २०२७ च्या सिंहस्थात, लाखोंच्या गर्दीत, असा एखादा जुना चेंगराचेंगरीचा फोटो बिननावाचा, बिनतारखेचा फिरला तर काय होईल, विचार करा.

सिडकोकर

काय भो, फोटोवाल्यांचं नका सांगू. आमच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने न विचारता स्वतःच्या जाहिरातीत लावले. तेव्हा कुठे गेला तुमचा हक्क?

कॅमेरावाला

वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणाराच असतो, कायद्यातच आहे. त्याला सांगा काढायला, काढेल. नाही काढला तर त्याचंच चुकतंय, माझा व्यवसायबंधू असला तरी.

टेबल नं. १४

मी अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी. आमच्याकडे पुस्तकं दरवर्षी बदलतात आणि संच हजारोंत जातो. टेलिग्रामवरच्या पीडीएफ बंद झाल्या तर निम्मी अभ्यासिका रिकामी होईल. कुणाला चोर म्हणायचं ते म्हणा, पण आधी आमचं खोलीभाडं आणि मेसचं बिल बघा.

वकीलीणबाई

थोडं कायद्याचं, कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट फेकाफेक चाललीय. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, परीक्षण लिहिण्यासाठी वाजवी वापराला कलम ५२ मुभा देतं. टेबल नं. १४, तुम्ही मित्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण स्वतःपुरतं झेरॉक्स केलंत, तर तुमच्या मागे कुणी येणार नाही. अख्खं पुस्तक हजार अनोळखी लोकांना वाटणं हा 'खाजगी वापर' म्हणून खपवता येणार नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. मात्र धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा त्याखालीही आणू शकतं. तेव्हा 'ग्रुप ॲडमिनला तीन वर्षं जेल' असले मेसेज फिरवून म्हाताऱ्या माणसांची झोप उडवू नका.

आणि कलम ५७ कुणी वाचतच नाही. लेखकाने हक्क विकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा आणि आपल्या लेखनाची मोडतोड झाली तर अडवण्याचा त्याचा अधिकार राहतो. कविता फॉरवर्ड करताना खालचं नाव काढणं कायद्याच्या नजरेत किरकोळ नाही. त्याहून विनोदी प्रकार म्हणजे कुणाचीही पाडलेली यमकं कुसुमाग्रजांच्या किंवा पुलंच्या नावावर खपवणं. त्यात खऱ्या कवीचं नाव जातं, आणि कुसुमाग्रजांनी आयुष्यात जे लिहिलं असतं तर स्वतःच फाडलं असतं ते त्यांना चिकटतं.

मिसळसम्राट

+१ शेवटच्या परिच्छेदाला. 'कुसुमाग्रजांची अप्रतिम रचना' म्हणून गुळगुळीत सुविचार आला की मिसळ कडू लागते. पीडीएफबाबत मत बदललेलं नाही. ई-बुक काढा, शंभर रुपयांत द्या, मग बघा किती जण चोरी करतात. निम्म्या मराठी पुस्तकांचं ई-बुकच निघत नाही.

ऐकून वाचतो

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. माझ्यासारख्यांचं नाव पुढे करून बरेचदा पीडीएफचं समर्थन होतं, म्हणून लिहितो. अंगठा दिसणाऱ्या त्या पीडीएफ माझ्या काहीही कामाच्या नाहीत. तो नुसता फोटो असतो, यंत्र त्यातलं एक अक्षर वाचत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंगांसाठी वाचता येण्याजोगी प्रत बनवायला कायद्यात सोय झाली, आणि अंध वाचकांसाठीच्या माराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा भारत २०१४ मध्ये पहिला देश होता. कायदा आहे, हक्क आहे. नाही ती युनिकोडमधली (म्हणजे यंत्राला अक्षरं ओळखता येतील अशी टाईप केलेली), नीट तपासलेली मराठी फाईल. ती बनवायला माणसं बसत नाहीत. पान धरून फोटो काढायला मात्र दोन तास काढतात.

सुरगाणेकर

दादा, हे माहीत नव्हतं. पण माझा प्रश्न तसाच आहे. मी काय वाचू?

जुना दुकानदार

राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. विश्वकोश फुकट. मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेली पुस्तकं आहेत. आणि नवी कादंबरी हवी असेल तर तुमच्या गावच्या वाचनालयाच्या नावाने मला पत्र पाठवा, दुकानाची सवलत देईन, वर टपाल माझ्याकडे.

सुरगाणेकर

गावात वाचनालय असतं तर हा धागा वाचत बसलो असतो का, काका? ग्रामपंचायतीची खोली आहे, कुलूप आहे. पत्ता पाठवतो. पण 'फुकट सरकारी पुस्तकं गरिबांना, ताजी कादंबरी कॉलेज रोडला' ही वाटणी मला पटत नाही, हे नोंदवून ठेवतो.

पहिली आणि शेवटची

इतका वेळ नुसती वाचत होते. मी लेखिका आहे (वरची नव्हे). माझा एकमेव कथासंग्रह वीस-बावीस वर्षांपूर्वी आला, संपला, प्रकाशकाने पुन्हा काढला नाही. 'मागणी नाही' म्हणतात. मध्यंतरी भाचीने टेलिग्रामवर त्याची पीडीएफ दाखवली. कुणीतरी वाचनालयाची प्रत स्कॅन केलेली, शिक्क्यासकट. राग यायला हवा होता, पण आधी आनंद झाला. मग उघडून पाहिलं. पान ११२ आणि ११३ नाहीत, आणि शेवटच्या कथेचा सगळा उलगडा ११२ वर आहे. म्हणजे जे कुणी वाचतायत ते मला बिनशेंड्याची लेखिका समजतायत. गोदाकाठ यांचं पटतं, मिसळसम्राटांचंही पटतं. मी कुठे बसते?

वकीलीणबाई

करार बघा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, त्यानंतर हक्क तुमच्याकडे परत आलेले असणार.

पहिली आणि शेवटची

करारच नव्हता हो. एक पोस्टकार्ड आलं होतं, 'संग्रह छापायला घेतला आहे' असं. सही त्यांची.

वकीलीणबाई

मग प्रश्नच मिटला. हक्क देणाऱ्याची, म्हणजे तुमची, लेखी सही नसेल तर हक्क दिलेच गेलेले नाहीत. पोस्टकार्ड जपून ठेवा आणि प्रकाशकाला एक पत्र टाका, पुढे वाद नको.

मिसळसम्राट

मग बाई, आता तुम्हीच टाका पीडीएफ! ११२-११३ सकट. मी पहिला उघडतो.

ऐकून वाचतो

पीडीएफ नको. युनिकोड. टाईप करायला माणूस लागला तर माझी बहीण आहे, पैसे घेते पण चुका करत नाही.