मदत हवी आहे: विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल डिजिटल ग्रंथालयात ठेवायचेत, पण खुले किती करावेत?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. बी.ए., एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प अहवाल कपाटात पडून आहेत. कपाट भरलं की जुने गठ्ठे रद्दीत काढायचा विषय निघतो. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आल्यामुळे गठ्ठे वाढतच जाणार. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन साठ्यात जातात, या अहवालांना तिथे जागा नाही. आमच्या कपाटातून गेले की गेलेच.

बरेच अहवाल इकडून तिकडून उतरवलेले असतात, मान्य आहे. पण काही हातचे सोडवत नाहीत. एका मुलीनं आईवडिलांबरोबर फडात राहून ऊसतोडीवर लिहिलंय. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल (आगाऊ रक्कम) किती, ती फिटते कशी, बाई आजारी पडली की खाड्याचे किती कापतात, सगळं आलंय. परिशिष्टात मुकादमाच्या (टोळी जमवून उचल देणाऱ्याच्या) वहीचे फोटो आहेत: डावीकडे नवरा-बायकोची नावं, उजवीकडे रकमा, खाली शाईचे अंगठे. दुसऱ्या एकानं 1993 च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांच्या मुलाखती मोबाइलवर घेतल्या. त्याची सीडी अहवालाच्या मागच्या पाकिटात आहे. त्यातले काही जण आज हयात नाहीत. ही माहिती दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

डीस्पेस (डिजिटल ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) बसवून द्यायला आमचे संगणकाचे सर तयार आहेत. माझी अडचण वेगळी आहे. मुलांनी परवानगी दिली तरी वहीत अंगठा उठवलेल्या माणसांना कुणी विचारलंय? उद्या तोच मुकादम ते पान बघेल आणि त्या कुटुंबाला पुढच्या हंगामात उचल देणार नाही. म्हणून सगळंच कुलपात ठेवायचं का? मग जपून उपयोग काय? शिवाय निम्मे अहवाल श्रीलिपी, कृतीदेव अशा युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पीडीएफमधून मजकूर उचलला की भलतीच अक्षरं येतात, शोध लागत नाही.

कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (नांदेड)

ताई, सगळं खुलं किंवा सगळं बंद, असं करावं लागत नाही. डीस्पेसमध्ये एकाच नोंदीतल्या प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी देता येते. शीर्षक, गोषवारा, विषय सगळ्यांना दिसू द्या. अहवालाचा मजकूर खुला ठेवा. परिशिष्टाच्या दोन प्रती करा: मूळ प्रत बंद, आणि नावं-अंगठे झाकलेली प्रत खुली. झाकताना नुसता काळा चौकोन ठेवू नका, तो पीडीएफमधून काढता येतो. पान चित्र म्हणून नव्यानं साठवा. मजकुरातही गावाचं नाव आणि कोयत्यांची संख्या मिळून माणूस ओळखू येतो का, ते बघा.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार अहवालाचा हक्क सहसा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचाच असतो, म्हणून त्याची लेखी परवानगी घ्याच. जुन्यांचा पत्ता लागेपर्यंत फक्त नोंद दाखवा.

प्रतिसाद (लातूर)

सीडी आधी उतरवून घ्या. ती कधी वाचायची बंद होईल सांगता येत नाही. मोबाइलची मूळ फाइल तशीच ठेवा, सोबत वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची फाइल) प्रत करा, आणि एक प्रत महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर ठेवा. किल्लारीच्या मुलाखती घरच्यांना ऐकवून मगच खुल्या करा, काही कुटुंबांना ते सहन होणार नाही.

फॉन्टसाठी अख्खा अहवाल टंकत बसू नका. शीर्षक, गोषवारा, गावं, विषय युनिकोडमध्ये भरा, शोधाचं बरंचसं काम तेवढ्यानं भागतं. छापील पानांच्या चित्रातला मराठी मजकूर टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वाचून देतं, पण जोडाक्षरं तपासावी लागतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. या वर्षीपासून अहवाल जमा करतानाच परवानगीचा अर्ज घेणार आहे, आणि मुलाखत दिलेल्या माणसाच्या संमतीसाठी त्यात वेगळा रकाना ठेवते. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती बोलण्यातूनच रेकॉर्ड केली तर चालते का? कुणाकडे असा मराठी नमुना असेल तर इथे टाका, जूनच्या आत हवा आहे.