गव्हर्नरपदाचा 'अपक्ष' की 'स्वतंत्र' उमेदवार?

ऑस्टिनहून

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी टेक्सासच्या २००६ सालच्या निवडणुकीवर लेख लिहितेय. रिक पेरी आणि ख्रिस बेल या दोन पक्षांच्या उमेदवारांसमोर त्या वर्षी दोन 'इंडिपेंडंट' उभे होते. एक किंकी फ्रीडमन, गायक आणि रहस्यकथा लिहिणारा. दुसऱ्या कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न, राज्याचे हिशेब सांभाळणाऱ्या निवडून आलेल्या अधिकारी. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'राज्यपालपदाच्या अपक्ष उमेदवारांचा प्रचार'. साताऱ्याला आईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, राज्यपाल कधी निवडून येतो का? आणि अपक्ष म्हणजे तिकीट कापलेला ना?" तेव्हापासून दोन्ही शब्दांवर अडून बसलेय. 'स्वतंत्र उमेदवार' चालेल का?

पुण्याहून

पहिल्या शब्दावर तुमच्या आईंचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आपल्या घटनेच्या १५५व्या कलमानुसार राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. त्यामुळे मराठी वाचक 'राज्यपाल' वाचतो तेव्हा त्याच्यासमोर शपथविधी आणि अभिभाषण येतं, दारोदार फिरून मतं मागणारा माणूस येत नाही. तिकडचा गव्हर्नर राज्य चालवतो, म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. पण म्हणून 'मुख्यमंत्री' लिहिता येत नाही, कारण तो विधिमंडळातून येत नाही, थेट मतांवर येतो. 'गव्हर्नर'च ठेवा. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपल्या पणजोबांना ठाऊक होता आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तर आपल्या महाडजवळच्या नाते गावचे. शब्द परका राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र लेखात यावी असं वाटतं. आपला राज्यपालही निवडून येणार होता! १९४७ साली घटना समितीत सरदार पटेलांच्या समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असंच सुचवलं होतं. मग एकाच राज्यात लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनीच निवडलेला मुख्यमंत्री यांची जुंपेल, ही भीती बोलली गेली आणि १९४९च्या मे महिन्यात नेमणुकीवर शिक्कामोर्तब झालं. तसं झालं नसतं तर 'राज्यपालपदाचा अपक्ष उमेदवार' हे शब्द आज आपल्या कानाला खटकले नसते.

नागपूरहून

'अपक्ष'मधला 'अप' हा अपमान, अपयश, अपशकुनातला आहे, म्हणून त्याला उणेपणाचा वास येतो. हिंदीतला 'निर्दलीय' त्यापेक्षा स्वच्छ आहे, तो घ्यावा.

पुण्याहून

दादा, इथे मात्र थांबा. तीस वर्षं मुद्रितं वाचतोय, आणि ओळीच्या शेवटी 'अप-' तुटून पुढच्या ओळीवर एकटा 'क्ष' पडलेला कित्येकदा सरळ केलाय. तो शब्द तिथे तुटतच नाही. 'अप' लावून 'पक्ष' जोडला तर 'अपपक्ष' होईल, दोन प येतील. हा 'अ' आहे, नकाराचा, 'अखंड'मधला. अ-पक्ष. ज्याला पक्ष नाही तो, एवढंच. आणि पक्ष म्हणजे मुळात पंख, त्यावरूनच पक्षी. संस्कृतात 'अपक्ष'चा एक अर्थ 'बिनपंखांचा' असाही आहे. बिनपंखांनी उडू पाहणाऱ्याचं नाव म्हणून मला तो फार आवडतो.

'निर्दलीय' आपल्याकडे रुजणार नाही. मराठीत 'दल' म्हणजे पोलीस दल, नाहीतर बेलाचं त्रिदल.

आणि 'स्वतंत्र' का नको? कारण ती जागा आधीच भरलेली आहे. राजाजींनी १९५९ साली काढलेला पक्षच 'स्वतंत्र पक्ष' होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'इंडिपेंडंट लेबर पार्टी' काढली, तिचं मराठी 'स्वतंत्र मजूर पक्ष' झालं आणि ते बरोबरच होतं. तिथे 'अपक्ष मजूर पक्ष' म्हटलं असतं तर काय झालं असतं? पक्षाला विशेषण हवं असेल तर स्वतंत्र, माणसाला हवं असेल तर अपक्ष.

ऑस्टिनहून

काका, तुमचं हे शेवटचं वाक्य इथे इंग्रजीतही हवं होतं. कॅलिफोर्नियात 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाचा एक पक्ष आहे, जॉर्ज वॉलेसच्या १९६८ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला, कडव्या उजव्या वळणाचा. आपण कोणत्याच पक्षात नाही असं नोंदवायला गेलेले कितीतरी मतदार नावामुळे फसून त्यांच्या यादीत जाऊन बसलेत. मराठीत हा घोटाळा होणं शक्यच नाही, हे आत्ता लक्षात आलं.

सांगलीहून

पण ताई, तुमच्या आईंचा दुसरा प्रश्न सुटला नाही. व्याकरण काहीही म्हणो, गावात अपक्ष म्हणजे दहातल्या नऊ वेळा बंडखोरच. आमच्याकडे २०२४ला लोकसभेला विशाल पाटील काँग्रेसला जागा सुटली नाही म्हणून अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं लिफाफा. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला 'पाकीट' म्हणायच्या, म्हणून घरोघरी खरं पांढरं पाकीट हातात देऊन सांगायला लागायचं की मशीनवर हेच चित्र शोधा. लाखभर मतांनी आले. कागदावर अपक्ष होते, पण सांगलीत कुणाच्याही मनात ते बिनपक्षाचे नव्हते, वसंतदादांचे नातू होते. (दादा पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले होते, ते नेमलेलेच.)

आणि ज्याला मोठा पक्ष आतून मदत करतो तो 'पुरस्कृत अपक्ष'. त्याला तुमच्या इंग्रजीत शब्द आहे का?

बेळगावहून

आमच्यासाठी हा शब्दाचा खेळ नाही, म्हणून लिहितो. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार आयोगाच्या यादीत अपक्ष म्हणूनच लढत आले. दर निवडणुकीला चिन्ह नवं, आणि ते माणसांच्या डोक्यात बसवायला हातात दोन आठवडे. ज्यांच्यामागे गावंच्या गावं एका मागणीसाठी उभी राहिली, त्यांना रकान्यात 'पक्ष नाही' असं लिहिलेलं बघताना आमच्या वडिलांना वाईट वाटायचं. कन्नडमध्ये याला 'पक्षेतर' म्हणतात, पक्षांहून वेगळा. मला तो शब्द जास्त न्यायाचा वाटतो. 'अपक्ष' सांगतो काय नाही ते. 'पक्षेतर'मध्ये निदान दुसरं काहीतरी आहे.

ऑस्टिनहून

बेळगावच्या दादांचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. 'पक्षेतर' लेखात एकदा तरी वापरणार.

सांगलीकर, तुमची बंडखोर आणि अपक्ष ही फोड माझ्या दोन उमेदवारांना नेमकी लागू पडते. स्ट्रेहॉर्नबाई रिपब्लिकन म्हणून निवडून आलेल्या आणि स्वतःच्याच पक्षाच्या पेरींविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या अस्सल बंडखोर. पण फ्रीडमनच्या बाबतीत 'अपक्ष' शब्दाला इथल्या कायद्यानेच वजन दिलं. मतपत्रिकेवर नाव यायला त्याला ४५,५४० मतदारांच्या सह्या हव्या होत्या, आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या एक टक्का. आणि सही करणाऱ्याने त्या वर्षी मार्चमध्ये कोणत्याही पक्षाच्या, उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मत दिलेलं नसावं! दिलं असेल तर सही बाद. मे महिन्याच्या मध्यापर्यंतच मुदत. दोघांच्याही सह्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या.

म्हणजे इथे आधी मतदाराला अपक्ष व्हावं लागतं, मग उमेदवाराला. आपल्याकडे विधानसभेच्या अपक्षाला दहा सूचक पुरतात, आणि त्यांनी कुणाला मत दिलं हे कोणी विचारत नाही.

पुण्याहून

या सह्यांवर लेखात थांबा, घाई करू नका. 'उमेदवार' शब्दात 'उमेद' आहे, फारसीतली. आणि 'उमेदवारी करणे' म्हणजे जुन्या मराठीत पगार नसताना काम शिकत राहणं, पुढे नोकरी लागेल या आशेवर. दोन महिने चौकाचौकांत कागद घेऊन उभे राहणारे ते लोक खऱ्या अर्थाने उमेदवारी करत होते.

निकाल काय लागला?

ऑस्टिनहून

पेरी ३९ टक्क्यांवर निवडून आले, बेल साधारण ३०, स्ट्रेहॉर्न १८, फ्रीडमन १२ च्या थोडे वर. आपला एक षष्ठांशाचा नियम लावला तर बाईंची अनामत वाचली असती, फ्रीडमनची जप्त. टेक्सासने अपक्ष गव्हर्नर निवडला तो १८५९ साली, सॅम ह्यूस्टन.

आता शेवटची अडचण. स्ट्रेहॉर्नबाईंनी मतपत्रिकेवर नावासोबत 'ग्रँडमा' छापावं असा अर्ज केला होता. ते टोपणनाव नाही, घोषणा आहे म्हणून नाकारलं गेलं. 'किंकी' मात्र छापलं, कारण तो त्याच नावाने ओळखला जायचा. बाईंची प्रचारातली ओळख होती 'वन टफ ग्रँडमा'. 'कणखर आजी' लिहिलंय, पण ते पुतळ्याखालच्या पाटीसारखं वाटतं.

सांगलीहून

खमकी आजी.

ऑस्टिनहून

आईला फोन करून सांगितलं. म्हणाली, "आता कळलं कोण उभी होती ते."