अंडी घरी हवी तशी शिजवण्यासाठी आच आणि वेळ कशी सांभाळावी?

प्रश्न

आमच्या घरात अंडी नेहमीच लागतात, पण प्रत्येकाची आवड वेगळी आहे. एकाला पिवळा बलक वाहता हवा असतो, दुसऱ्याला पूर्ण घट्ट, आणि तिसऱ्याचे ऑम्लेटशिवाय भागत नाही. पाककृतींमध्ये ‘मंद आचेवर पाच मिनिटे’ एवढेच लिहिलेले असते. मंद म्हणजे किती आणि पाच मिनिटे कधीपासून मोजायची, याचा खुलासा क्वचितच सापडतो. उकडलेल्या अंड्याचे टरफल एखाद्या दिवशी अलगद सुटते आणि एखाद्या दिवशी पांढऱ्या भागाचे लचके तोडत निघते, असे का होते? स्क्रॅम्बल्ड एग ताटलीत वाढल्यावर त्याखाली पाणी का सुटते? आणि पोच्ड एग, म्हणजे टरफल फोडून थेट गरम पाण्यात शिजवलेले अंडे, विशेष साच्याशिवाय, साध्या पातेल्यात नीट जमते का? कृतीबरोबर तिच्यामागचे कारणही सांगितल्यास बरे होईल, म्हणजे भांडे किंवा अंड्यांची संख्या बदलली तरी अंदाज बांधता येईल.

प्रतिसाद १

तुमच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पांढरा भाग आणि पिवळा बलक एकाच तापमानाला शिजत नाहीत. पांढरा भाग साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे दुधाळ होऊ लागतो, परंतु त्यात सर्वाधिक प्रमाणात असलेले ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन ८० अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय घट्ट होत नाही. बलक मात्र ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० अंशांच्या सुमारास धरतो. सुदैवाने जास्त उष्णता लागणारा भाग बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे अंडे उकडताना ती उष्णता आत कुठवर पोहोचू द्यायची, एवढेच आपल्याला ठरवायचे असते. याउलट अंडे ६४ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले, तर बलक दाट होतो आणि पांढरा भाग मात्र सैल, थरथरता राहतो. दोन्ही भाग आपापल्या तापमानाला शिजावेत म्हणून इटलीतील संशोधकांनी २०२५ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत अंडे १०० अंशांच्या आणि ३० अंशांच्या पाण्यात दर २ मिनिटांनी आलटून पालटून, एकूण ३२ मिनिटे ठेवले जाते. युक्ती हुशारीची आहे, पण सकाळच्या घाईत अर्धा तास दोन पातेल्यांपाशी उभे राहण्याइतका उत्साह माझ्यात नाही.

रोजच्या स्वयंपाकासाठी पाण्याला पूर्ण उकळी आल्यावर फ्रिजमधली अंडी झाऱ्याने अलगद सोडावीत, पाणी खदखदणार नाही पण बुडबुडे येत राहतील एवढी आच ठेवावी, आणि अंडी सोडल्या क्षणापासून वेळ मोजावी. टरफलासह ५५ ते ६० ग्रॅम वजनाच्या अंड्याचा बलक ६ मिनिटांत वाहता राहतो, ७ ते ८ मिनिटांत कडेने धरलेला आणि मध्ये ओलसर होतो, तर ११ ते १२ मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. वेळ संपताच अंडी बर्फाच्या पाण्यात टाकावीत, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता बलक शिजवतच राहते. फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती जी हिरवट-करडी कड दिसते, ती बलकातील लोह आणि पांढऱ्या भागातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड यांच्या संयोगाने तयार होते. ती अपायकारक नसते, पण वास आणि चव दोन्ही बिघडवते.

टरफलाबद्दल सांगायचे, तर अगदी ताजे अंडे उकडण्यासाठी निवडू नये. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दिवस जातात तसा तो टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो आणि पांढऱ्या भागाचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) सुमारे ७.६ वरून ९.२ च्या आसपास चढतो. सामू कमी असताना पांढरा भाग आतल्या पातळ पापुद्र्याला घट्ट धरून शिजतो, आणि सोलताना दोन्ही एकत्र निघतात. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी म्हणूनच सोलायला सोपी जातात.

प्रतिसाद २

वरील माहितीशी मी सहमत आहे. फक्त गार पाण्यापासून सुरुवात करणाऱ्यांची बाजूही मांडावीशी वाटते. त्या पद्धतीत टरफल कमी तडकते हे खरे आहे, परंतु पांढरा भाग हळूहळू तापल्याने तो पापुद्र्याला अधिक चिकटतो. शिवाय पाणी किती, भांडे केवढे आणि आच किती मोठी यांवर उकळी येण्याची वेळ अवलंबून असल्याने मिनिटांचा हिशेब दर वेळी बदलतो. माझा कल त्यामुळे उकळत्या पाण्याकडेच आहे. वाफेवर उकडण्याचाही पर्याय आहे: भांड्यात दोन बोटे पाणी उकळवून त्यावर जाळीत अंडी ठेवून झाकण लावावे. वेळ जवळपास तेवढीच लागते, पाणी लवकर तापते, आणि अंडी एकमेकांवर आपटत नाहीत. उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी वेळ थोडी वाढवावी, कारण दर ३०० मीटर उंचीमागे पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळते.

प्रतिसाद ३

एक खबरदारी येथेच नोंदवतो. बलक वाहता ठेवलेल्या अंड्यात साल्मोनेला हा अन्नविषबाधा करणारा जिवाणू जिवंत राहू शकतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना किमान ७१ अंशांपर्यंत शिजलेले आणि दोन्ही भाग घट्ट झालेले अंडेच द्यावे. तसेच मायक्रोवेव्हमध्ये टरफलासकट अंडे कधीही ठेवू नये, आणि सोललेले उकडलेले अंडेही त्यात गरम करू नये. आत कोंडलेली वाफ ते फोडते, कधी कधी बाहेर काढून चमचा लावल्यानंतर.

प्रतिसाद ४

पॅनवरच्या प्रकारांकडे वळतो, कारण तेथे आचेचा फरक डोळ्यांना थेट दिसतो. स्क्रॅम्बल्ड एगमध्ये पाणी सुटते ते जास्त शिजल्यामुळे: प्रथिनांचे धागे आवळत जातात आणि आपल्यात धरलेले पाणी बाहेर पिळून काढतात. तीन अंड्यांना दोन चिमटी मीठ घालून ती नीट फेटावीत आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावीत. मिठामुळे प्रथिने एकमेकांना फार घट्ट आवळत नाहीत आणि ओलावा टिकतो. मग मंद आचेवर लोणी वितळू द्यावे, त्याचा रंग बदलण्याआधी अंडी ओतावीत आणि रबरी उलथन्याने तळ सतत खरवडत राहावे. सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते. मग उलथने फिरते त्या वाटेवर तळ क्षणभर उघडा दिसू लागतो आणि मऊ, बारीक गुठळ्या धरतात. मिश्रण अजून ओले, चकचकीत दिसत असतानाच पॅन खाली उतरवावा, कारण उरलेले काम पॅनमधली उष्णता करते. पॅनमध्ये ‘झाले’ असे दिसणारे अंडे ताटलीत येईपर्यंत जास्त शिजलेले असते. दूध घालण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. चमचाभर चालते, पण त्याहून अधिक घातल्यास चव पातळ होते आणि सुटायला आणखी पाणी मिळते.

ऑम्लेटचे गणित उलटे आहे. तेथे मध्यमहून थोडी जास्त आच आणि कमी वेळ लागतो. दोन-तीन अंड्यांसाठी २० सेंटीमीटर व्यासाचा पॅन पुरतो. त्याहून मोठ्या पॅनमध्ये थर पातळ होऊन वाळतो. लोण्याचा फेस बसू लागताच अंडी ओतावीत, कडा मध्याकडे ओढून वरचे पातळ मिश्रण तळाकडे जाऊ द्यावे, आणि पृष्ठभाग जरासा ओलसर असतानाच दुमडावे. भाज्या घालायच्या असतील तर त्या आधी परतून पाणी आटवलेल्या असाव्यात.

तळलेल्या अंड्याबाबत थोडक्यात सांगतो. पांढरा भाग धरला की पॅनमध्ये चमचाभर पाणी टाकून झाकण ठेवावे. वाफेने वरची बाजू शिजते, बलक वाहता राहतो आणि अंडे उलटावे लागत नाही.

उपप्रतिसाद (प्रश्नकर्ता)

पाणी सुटण्याचे कारण आता समजले. दूध घालायचे नसेल, तर ऑम्लेट फुगीर कसे करावे?

उपप्रतिसाद (प्रतिसाद ४)

पांढरा भाग वेगळा काढून त्याची टोके उभी राहतील इतका फेटावा, मग फेटलेला बलक हलक्या हाताने मिसळावा आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे. भांड्याला तेलाचा अंश किंवा पांढऱ्या भागात बलकाचा थेंब राहिला, तर फेस नीट धरत नाही.

प्रतिसाद ५

पोच्ड एगचा प्रश्न राहिला आहे. साच्याची गरज नाही, गाळणीची आहे. प्रत्येक अंड्यात पांढऱ्या भागाचे दोन प्रकार असतात: बलकाभोवतीचा दाट आणि बाहेरचा पातळ. पाण्यात ज्या चिंध्या तरंगतात त्या या पातळ भागाच्या, आणि अंडे जितके जुने तितका तो अधिक. त्यामुळे येथे मात्र ताजे अंडेच घ्यावे. ते बारीक गाळणीत फोडून काही क्षण धरावे, पातळ भाग निथळू द्यावा, आणि उरलेले वाटीत घ्यावे. पसरट पातेल्यात चार बोटे पाणी तापवावे. तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत, पण पाणी उसळू नये. वाटी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून अंडे सोडावे आणि ३ ते ४ मिनिटांनी झाऱ्याने काढावे. व्हिनेगरने पांढरा भाग लवकर धरतो, पण चव मागे राहते. गाळणी वापरल्यास त्याची गरज भासत नाही. पाण्यात भोवरा करण्याची युक्ती एकाच अंड्यापुरती ठीक आहे, कारण दुसरे अंडे सोडताच पहिले त्यात गुरफटते.

अनेकांना एकाच वेळी वाढायचे असेल, तर पोच्ड अंडी किंचित कमी शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात सोडावीत आणि त्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवावीत. दुसऱ्या दिवशी गरम, न उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवली की ती वाढता येतात, आणि बलक वाहताच राहतो.