रात्रशाळेतली मुलं पॉडकास्ट ऐकतात, पण पेपरात लिहिता येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी परळच्या एका रात्रशाळेत दहावीला इतिहास शिकवते. मुलं दिवसभर गॅरेजमध्ये, दुकानात राबून साडेसहाला वर्गात येतात. घरी पुस्तक उघडणं होत नाही. पण लोकलमध्ये तासभर कान मोकळे असतात, म्हणून दिवाळीनंतर पॉडकास्ट सुरू केला.

दहा मिनिटांचा एक भाग. खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलवरच रेकॉर्ड करते (चाळीत पाणी आलं की काही खरं नसतं). ६४ केबीपीएस, मोनो ठेवलं की भाग पाच एमबीत बसतो, मुलांचा डेटा खात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.

'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा धडा घेतला. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं, हे सगळं बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, डोंबिवली कधी आली कळलंच नाही!"

आठवड्याने चाचणी घेतली. गोष्ट सगळ्यांना आठवत होती, सनावळी कुणालाच नाही. 'आकाशवाणी' वरची टीप त्याच मुलाने कोरी सोडली. या वेळी जमेल असं त्याला फार वाटत होतं. ते तोंड डोळ्यांसमोरून जात नाही.

भाग लहान करू का? मधे प्रश्न घालू? आणि नकाशा कानाने कसा शिकवायचा? कुणी हे केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १: ताई, नुसतं ऐकून समजल्यासारखं वाटतं, आठवून सांगायला लागलं की पक्कं होतं. चार मिनिटांचा भाग करा, एकच मुद्दा. शेवटी "आता थांबवा आणि मला सांगा" म्हणा, मुलांनी व्हॉइस मेसेज पाठवायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच पाच ओळींत लिहायचं. नकाशा मात्र वर्गातच ठेवा.

धागाकर्ती: व्हॉइस मेसेजचं सुचलंच नव्हतं. पण गाडीत सगळ्यांसमोर बोलायला मुलं लाजतील. स्टेशनवरून घरी चालताना पाठवा म्हणू का? सोमवारी १९२७ चाच भाग पुन्हा करते, चार मिनिटांचा.