उत्तर: गाडीचा अलार्म रात्री उगाच वाजतो

नमस्कार मंडळी,
गाडी उभी असताना अलार्म आपोआप सुरू होतो, तोही बहुधा पहाटे. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलंय. मेकॅनिक म्हणतो, शॉक सेन्सरची (गाडीला बसलेला धक्का ओळखणारा सेन्सर) सेन्सिटिव्हिटी कमी करू. करावी का? की सायरनची वायरच काढून टाकू?

---

ताई, वायर काढू नका! बऱ्याच सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. वायर तुटली की चोर आला असं समजून तो जास्तच बोंबलतो.

सेन्सिटिव्हिटीलाही आत्ताच हात लावू नका. आधी अलार्म कशामुळे वाजतो ते शोधा. माझा पहिला संशय बॉनेटच्या स्विचवर. तो लॅचपाशी असतो, धूळ-पाणी थेट अंगावर. आत गंज धरला की काँटॅक्ट अधूनमधून सुटतो आणि गाडीला वाटतं बॉनेट उघडलं. पहाटे दव पडलं की हा प्रकार वाढतो. काँटॅक्ट क्लीनर मारून बघा. बॉनेटखालचे रबरी बफर फार वर आले असतील तर स्विच पुरता दाबला जात नाही; ते थोडे आत फिरवा.

मग बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. व्होल्टेज फार उतरलं की अलार्मचं मोड्यूल भलताच अर्थ काढतं.

---

दादांशी सहमत. एक भर: आतला अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी केबिनमधली हालचाल टिपणारा, हवेच्या हालचालीनेही चाळवतो. काच बोटभर उघडी, आरशाला लटकवलेलं काहीतरी, आत अडकलेली माशी, एवढं पुरतं. पुष्कळ गाड्यांत हा आतला आणि कलण्याचा (गाडी कलली की अलार्म वाजवणारा) असे दोन्ही सेन्सर तेवढ्या वेळेपुरते बंद करता येतात, मॅन्युअल बघा. फेरीबोटीवर गाडी डोलते, तिथे तर ते बंद केलेलेच बरे. एक रात्र तसं लॉक करा. तरीही वाजला, तर ते दोघे निर्दोष सुटले आणि पुन्हा दरवाजे-बॉनेटकडे वळा.

आणि पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावायला सांगा. अनेक गाड्या शेवटचा अलार्म कशाने वाजला याची नोंद ठेवतात; ती न वाचता सेन्सिटिव्हिटी कमी करणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. अलार्म कंपनीचा नसून बाहेरून बसवून घेतलेला असेल तर शॉक सेन्सर घट्ट आहे ना तेही पाहा. सैल डबी जवळून ट्रक गेला तरी थरथरते.