सभागृहातील संगणकासाठी साउंड कार्ड : कोणते घ्यावे, आणि घ्यावेच का?

सचिव (ए विंग) :
सर्व सभासदांना नमस्कार. सभागृहातील संगणकाला जोडलेल्या २.१ (दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक वूफर) स्पीकरमधून पाऊस सुरू झाल्यापासून सतत घरघर ऐकू येते आणि भजन किंवा व्याख्यान चालू असताना मधल्या शांततेत ती फारच जाणवते. नवे साउंड कार्ड घ्यावे, अशी सूचना मागील बैठकीत आली होती. खडेबाजारात चौकशी केली असता काही शे रुपयांच्या यूएसबी साउंड कार्डापासून काही हजार रुपयांच्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर चालवणाऱ्या) कार्डापर्यंत अनेक पर्याय सांगण्यात आले. गणेशोत्सवापूर्वी निर्णय व्हावा, म्हणून जाणकारांनी आपले मत येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सी-३०१ :
सचिवकाका, खर्च करायचाच आहे तर ५.१ चे कार्ड घ्यावे, असे मला वाटते. प्रोजेक्टरवर सामना किंवा चित्रपट पाहताना आवाज चारी बाजूंनी आला तर लहान मुलांना आनंद होईल आणि पुन्हा काही वर्षे त्या बाबतीत पाहावे लागणार नाही.

बी-२०४ :
काका, दादा, मी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुकीची वस्तू आणली तर सोसायटीचे पैसेही जातील आणि घरघरही तशीच राहील.

साउंड कार्डाचे मुख्य काम एवढेच, की संगणकातील अंकांच्या रूपातील ध्वनीचे विजेच्या लहरींत रूपांतर करून तो स्पीकरकडे पाठवायचा. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर बाजारात आले, तेव्हा संगणकाच्या पेटीत फक्त ‘टूं टूं’ करणारा छोटा स्पीकर असे, त्यामुळे वेगळे कार्ड ही खरोखरच गरज होती. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणले आणि ध्वनीची चिप मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीवरच, बसू लागली. या दुसऱ्या मानकात १९२ किलोहर्ट्झपर्यंत नमुने (म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजार वेळा ध्वनीचे मोजमाप) आणि आठ वाहिन्यांची, म्हणजे आठ स्पीकरसाठी वेगवेगळ्या आवाजांची, सोय आहे. आपण ऐकतो त्या सीडीचा दर्जा ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, म्हणजे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर. पंखे चालू असलेल्या सभागृहात, आपल्या स्पीकरच्या क्षमतेचा विचार करता, याहून अधिक आकड्यांचा कानाला काहीही उपयोग होणार नाही. कार्डाच्या खोक्यावर छापलेले आकडे पाहून निर्णय घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो.

५.१ विषयी सांगायचे तर आपला संच २.१ चा आहे. संगणकातून त्याला हिरव्या छिद्रातून फक्त डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या जातात आणि खर्ज वेगळा काढण्याचे काम वूफरच्या पेटीतच होते. ५.१ च्या कार्डावरील काळे छिद्र मागच्या स्पीकरसाठी आणि नारिंगी छिद्र मधल्या स्पीकर व वूफरसाठी असते, ती दोन्ही आपल्याकडे रिकामीच राहतील. शिवाय रविवारी सकाळी आपण जे ऐकतो त्याचाही विचार व्हावा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे एकाच वाहिनीची आहेत. ती सहा स्पीकरमधून वाजवल्याने त्यांत नवे काही येत नाही, मात्र मागे घरघर असली तर तंबोऱ्याची आस नेमकी बुडते. म्हणूनच आपल्या दृष्टीने खरा प्रश्न घरघरीचा आहे.

ती कोठून येते हे खरेदीपूर्वी शोधता येते. स्पीकरची हिरवी पिन संगणकातून काढून चार्जरला न जोडलेल्या मोबाइलमध्ये घालावी. घरघर तशीच राहिली तर दोष स्पीकरच्या वीजपुरवठ्यात, आवाजाच्या बटणात किंवा वायरीत आहे आणि कोणतेही कार्ड तो दूर करणार नाही. घरघर थांबली आणि संगणकाला जोडताच परत आली, तर ती कशी आहे ते कान देऊन ऐकावे. माउस हलवला किंवा पडद्यावरचे चित्र बदलले की आवाज किरकिर करत बदलत असेल, तर पेटीच्या आतील विद्युत गोंगाट मदरबोर्डवरील ध्वनीच्या भागात शिरतो आहे आणि अशा वेळी बाहेर राहणारे यूएसबी साउंड कार्ड खरोखर उपयोगी पडते. एकसुरी, खर्जातला ‘हूं’ असा आवाज असेल, तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आहे आणि बहुधा अर्थिंगच्या वेढ्यातून येतो. स्पीकरच्या मागे सेट-टॉप बॉक्सचीही वायर जोडलेली आहे, हे मी पाहिले आहे. केबलचे अर्थिंग एकीकडे आणि संगणकाचे दुसरीकडे असले की या दोन वायरींमधून नको तो प्रवाह फिरू लागतो. ती वायर काढून पाहावी आणि संगणक, प्रोजेक्टर व स्पीकर एकाच बोर्डवर आणावेत. तरीही आवाज राहिला तर ३.५ मिलिमीटरच्या पिनेचा ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगचा हा वेढा तोडणारे छोटे उपकरण) मिळतो, तो लावावा. मात्र तीन पिनांतील अर्थिंगची पिन कोणीही काढू नये. सभागृहात मुले असतात आणि जमीन पावसाळ्यात ओलसर असते.

आणखी एक बिनखर्चाची गोष्ट आहे. बहुतेक वेळा संगणकातील आवाज अर्ध्यावर आणि स्पीकरचे बटण पूर्ण वर ठेवलेले आढळते. ते उलट असावे, कारण स्पीकर जितका वाढवू तितका पेटीतून येणारा गोंगाटही वाढतो. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमटपणात पिनांवर पातळ थर बसतो, त्यामुळे पिन काढून कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घालणे, हेही करून पाहावे.

बी-१०२, भजनी मंडळ :
दादा, आमचे हरिपाठ आणि हार्मोनियमची साथ संगणकात उतरवून घ्यायची आहे. त्यासाठी गुलाबी छिद्रात माइक लावला तर आवाज फार बारीक येतो. नव्या कार्डाने हा प्रश्न सुटेल का?

बी-२०४ :
काकू, गुलाबी छिद्र हे कॉलरला लावायच्या छोट्या माइकसाठी असते. मंडळाकडे जो हातातला डायनॅमिक माइक आहे, त्याचा संदेश मुळातच क्षीण असल्यामुळे साध्या साउंड कार्डावर तो बारीकच येणार. त्यासाठी यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागेल. त्यात तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीची जागा, चांगला प्रीअॅम्प (क्षीण संदेश वाढवणारा भाग) आणि बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा असतो. त्याच उपकरणातून स्पीकरलाही आवाज देता येतो, त्यामुळे ध्वनिमुद्रण खरोखर नियमित होणार असेल तर वेगळे साउंड कार्ड घेण्याची गरजच उरत नाही. माझ्या मते कार्डासाठी ठरवलेले पैसे इकडे वळवणे अधिक योग्य ठरेल.

सी-३०१ :
दादा, ५.१ चा हट्ट मी सोडतो. पण प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडलेला आहे आणि कधीकधी आवाज स्पीकरमधून न येता प्रोजेक्टरमधूनच येतो. हा कार्डाचा दोष आहे का?

बी-२०४ :
नाही दादा. एचडीएमआयमधून जाणारा आवाज संगणकाच्या ग्राफिक्सच्या भागातून जातो, साउंड कार्डाशी त्याचा संबंध येत नाही. प्रोजेक्टर सुरू होताच विंडोज त्यालाच मुख्य ध्वनिसाधन मानते. खालच्या पट्टीतील स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आपले स्पीकर पुन्हा निवडले की काम होते.

सचिव (ए विंग) :
पेटीच्या आत बसणारे कार्डच घ्यायचे झाले, तर आपल्या संगणकात ते बसेल का, याचाही खुलासा करावा.

बी-२०४ :
काका, सध्याची अंतर्गत कार्डे पीसीआय एक्सप्रेसच्या लहान खाचेत बसतात. जुन्या पीसीआयच्या खाचेत ती बसत नाहीत आणि जुनी कार्डेही या खाचेत बसत नाहीत. आपली पेटी अरुंद आहे, त्यामुळे अर्ध्या उंचीची पट्टी मिळाली नाही तर झाकण लागणार नाही. यूएसबी कार्डाला ही अडचण नाही. बहुतेक साध्या कार्डांना वेगळे ड्रायव्हरही (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाहीत आणि संगणक बदलला तरी ते पुढे वापरता येते.

सचिव (ए विंग) :
आपण सांगितल्याप्रमाणे शनिवारी सायंकाळी आरतीपूर्वी मोबाइलची चाचणी घेऊ आणि सेट-टॉप बॉक्सची वायर काढून पाहू. घरघर माउसबरोबर बदलणारी निघाली तरच समिती यूएसबी कार्डाला मान्यता देईल. इंटरफेसचा विषय भजनी मंडळाच्या लेखी मागणीनंतर पुढील बैठकीत घेतला जाईल. काकू, मागणीपत्रात माइकचा प्रकार आणि वायरीची लांबी अवश्य लिहावी.

बी-१०२, भजनी मंडळ :
लिहिते. शनिवारी मंडळाचा माइक आणि हार्मोनियमही खाली घेऊन येऊ, म्हणजे वायर किती लांब हवी ते तेथेच मोजता येईल.