अंगात ताकद आहे, तरी गठ्ठा उचलताना कंबर का दगा देते?

प्रश्न – घडीखाते, सोलापूर
माझे वय ४७ आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात मी दिवसभर उभ्याने घड्या घालतो आणि संध्याकाळी गठ्ठे टेम्पोत चढवतो. गेले आठ महिने गठ्ठा उचलून वळताना कंबरेत कळ येते. डॉक्टरांनी तपासून मणक्यात दोष नसल्याचे सांगितले आणि ‘फंक्शनल’ व्यायाम सुचवले. त्यासाठी एका व्यायामशाळेत गेलो, तर पहिल्याच आठवड्यात पट्टा बांधून मोठे वजन उचलायला लावले आणि मी चार दिवस अंथरुणावर होतो. तरुणपणी तालमीत जोर-बैठका भरपूर मारल्या आहेत, तेव्हा ताकद नाही असे वाटत नाही. मग चुकते काय, आणि घरी काय करता येईल?

उत्तर – निवृत्त फिजिओथेरपिस्ट
ताकद आणि स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातपाय हलत असताना कणा जागच्या जागी राखण्याचे काम पोटाच्या, पाठीच्या आणि नितंबांच्या स्नायूंनी एकाच वेळी करायचे असते. ते जमले नाही, तर दंड कितीही भरलेले असोत, गठ्ठ्याचा भार कंबरेवरच येतो. फंक्शनल व्यायाम म्हणजे एकेक स्नायू फुगवण्याऐवजी वाकणे, उचलणे, वळणे या रोजच्या हालचालींचा सराव.

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कंबरेसाठी तीन व्यायाम रूढ केले. पहिल्यात उताणे झोपून एक गुडघा वाकवायचा, तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवायचे आणि डोके व खांदे जेमतेम उचलायचे. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि गुडघे यांवर अंग तोलायचे. तिसरा मला सर्वांत उपयुक्त वाटतो: रांगण्याच्या स्थितीत उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय, जमिनीला समांतर ताणायचा. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद थांबावे, श्वास रोखू नये आणि दम लागेपर्यंत करू नये. कंबर डुलते का, हे पाहायचे असेल तर पाठीवर पाण्याने अर्धा भरलेला तांब्या ठेवा. माझ्याकडे येणारे अनेक पैलवान पहिल्या दिवशी चटई भिजवून गेले आहेत!

उत्तर – मुलगी विडी कामगाराची
आईने वीस वर्षे मांडी घालून, पुढे वाकून विड्या वळल्या. तिला वरील व्यायामांइतकाच फायदा काठीच्या सरावाने झाला. काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याची मागची बाजू, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवायची आणि गुडघे किंचित सैल सोडून खुब्यातून वाकायचे. एखादे टोक सुटले की समजावे, वाकण्याचे काम कंबर करते आहे. तिच्याच्याने जमिनीवरून उठवत नव्हते, म्हणून आम्ही आधी उंच पाटावरून हात न टेकता उठण्याचा सराव करून घेतला आणि पाट हळूहळू बुटका करत नेला.

उत्तर – निवृत्त फिजिओथेरपिस्ट
काठीचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. आणखी एक सांगतो: गठ्ठा हातात असताना कंबरेतून पिळू नका, पावले टाकून सगळे अंग वळवा. पायात बधिरपणा आला, किंवा जांघेत संवेदना कमी होऊन लघवीवर ताबा राहिला नाही, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घडीखाते
काल पाठीवर तांब्या ठेवून पाहिला. उजवा पाय उचलला तेव्हा तो हलला नाही, डावा उचलताच सांडला. टेम्पो माझ्या डाव्या बाजूला उभा असतो आणि मी दर वेळी पाय न हलवता तिकडेच वळतो, हे त्यानंतर लक्षात आले. उद्यापासून टेम्पो समोर लावायला सांगणार आहे.